हेरीचं न झालेलं भाषण

मी फोडणीत कढीपत्ता टाकत होते, तेव्हा फोन वाजला. हेरीची लेक नोरो. "आंटी, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला आणि खिडकीपाशी बसून राहिले... बाहेर बर्फ पडत होता की थांबला होता, काही आठवत नाही. त्याला आता सहा आठवडे झाले.

हेरी मादागास्करचा. डेट्रॉइटच्या रुग्णालयात आम्ही दोघं मुलांच्या वॉर्डात उमेदवारी करत होतो. तोही माझ्यासारखाच तिन्ही त्रिकाळ भात खाणारा. गावच्या लाल मातीबद्दल बोलू लागला की ती ड्यूटीरूम कुठल्या कुठे विरून जायची... शिक्षण संपल्यावर मी इथेच, डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये घर केलं. तो परत गेला, जिल्ह्याच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं राबला आणि एके दिवशी निवडणुकीला उभा राहिला. खासदार झाला, काही महिने मंत्रीही. तिकडचे निम्मे लोक त्याच्या दारी प्रेमाने कोंबड्या आणून देत, निम्मे त्याला खुर्चीचा लोभी म्हणत. मी दुसऱ्यांतली. "चांगल्या डॉक्टरचं मातेरं केलंस," मी फोनवर सुनावलं.

"सुधा, जुलाबावरचं औषध मी देत होतो," तो शांतपणे म्हणाला, "पण विहीर साफ करायची सही दुसऱ्याच्या हातात होती."

पुढे राजकारण सोडून तो इथे लेकीकडे राहायला आला, तेव्हा आमच्या मराठी मंडळात मी त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. माइकपुढे उभा राहून तो माफी मागू लागला. वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडतोय म्हणून, जाणकारांना शहाणपण सांगतोय म्हणून... दहा मिनिटं माफीच. शेजारच्या जोशीकाकू कुजबुजल्या, "अगं, ह्यांनी तिकडे काही स्कॅम वगैरे केलाय का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो श्वास घ्यायला थांबला, तशा मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. अध्यक्षांनी घाईघाईने शाल-श्रीफळ दिलं आणि मंडळी बटाटेवड्यांकडे वळली. हेरी हातात नारळ घेऊन उभा.

"छान बोललास," मी म्हटलं.

"हो का?" म्हणाला, आणि हसला.

गेल्या आठवड्यात नोरोला त्याच्या कोटात एक कागद सापडला. त्यांच्याकडे भाषणाआधी अशी लांबलचक माफी मागायची रीतच आहे, हेही तिनेच सांगितलं. मूळ भाषण त्या कागदावर होतं. त्यात एकच मागणं: आमच्या जिल्ह्यात मुलांचा डॉक्टर नाही, वर्षातून दोन आठवडे कुणी येईल का?

हॉलभर इंजिनिअर होते. मुलांची डॉक्टर मी एकटी, नुकतीच रिटायर झालेली, दिवसभर टोमॅटोच्या रोपांना पाणी घालणारी. त्यानंतर चार वर्षं आम्ही दर रविवारी बोललो. मतं मागताना जो कधी लाजला नाही, त्याने मैत्रिणीकडे पुन्हा शब्द टाकला नाही. माझी टाळी त्याने उत्तर म्हणून घेतली असावी, आणि ते मला फार लागलंय.

गेले असते रे, हेरी. कुरकुरत, पण गेले असते.