दिंद्रुडच्या घंटांचा हर्रास

अन्याय झाला तो दिंद्रुडच्या एका म्हाताऱ्या लिंगायत दुकानदारावर, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, बाजार भरत असताना. हे आधीच सांगून टाकतो, कारण सरकारी दप्तरात ते सापडणार नाही. तिथे इतकंच लिहिलं आहे की संशयित सुटला, बेवारस माल विकला, प्रकरण बंद. पोलिसाचा पट्टा मी ऐन उमेदीत उतरवून ठेवला आणि आता पत्रकं लिहितो, पण ती सकाळ काही अंगावरून उतरत नाही.

मी तेव्हा माजलगावच्या ठाण्यावर अमीन होतो. अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. त्या उन्हाळ्यात सिंदफणेच्या काठच्या गावांत बैलचोऱ्या फार झाल्या होत्या. वरून रोज विचारणा येई, तपास कुठवर आला? तपास कुठेच आला नव्हता. अशा वेळी ठाण्याला चोर नको असतो, कुणीतरी हवा असतो.

तो खबरीतून मिळाला. शेजारच्या गावचे एक मोठे बागायतदार पोळ्याचा साज घ्यायला दिंद्रुडच्या बाजारात आले होते. लोक त्यांना मालक म्हणत. त्यांचा जोडीतला एक बैल उन्हाळ्यात चोरीला गेला होता. तो परत मिळालाच नाही. एका किराणा दुकानाच्या ओसरीला दोर बांधून त्यावर पितळी घंटा टांगलेल्या त्यांनी पाहिल्या. वीत वीत अंतरावर, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्या चिंचेनं घासून लख्ख केलेल्या. त्यात त्यांच्या बैलाची घंटा होती. ओठाला टवका उडालेली, चटकन ओळखू येणारी. मालक तडक घोड्यावर बसून ठाण्यावर आले.

"अमीनसाहेब, चोरांचा अड्डा सापडला. बैल कुठं कुठं विकले ते त्या वाण्याला विचारा."

मी जमादाराला आणि दोन जवानांना घेऊन गेलो. पंचनामा केला. घंटा पोत्यात भरल्या आणि दुकानदाराला गाडीत बसवून ठाण्यावर आणलं. बाजार उभा राहून बघत होता. गळ्यात लिंग ठेवायची चौकी, कपाळाला भस्म, असा तो आप्पा मान खाली न घालता बसला होता. सगळं गाव त्याला आप्पाच म्हणे.

चौकशी जमादारानं सुरू केली.

"काय बे आप्पा, बैल खाऊन घंटा तेवढ्या ठेवल्या का?"

"मी शिवाचा माणूस हाय, जमादार. मी कांदा बी खात न्हाई."

जवान हसले. जमादार चिडला. त्याला बाहेर पाठवून मी स्वतः बसलो.

"आप्पा, या घंटा तुमच्याकडे कशा आल्या?"

"लोकांनी दिल्या."

"कशाला दिल्या?"

आप्पानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमच्या घरी बैल न्हवते वाटतं सायब. बैल मेला, न्हाईतर गेला, तर त्याच्या गळ्यातली घंटा दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये म्हणत्यात. घरात ठिवली तर डोळ्यांपुढं ऱ्हाते. मोडीत घालायला हात होत न्हाई. मग मीठमिरची घ्यायला येत्यात अन् माझ्याकडं ठिवून जात्यात. माझा चंद्र्या बैल मेला, त्याची मी ठिवलती. ती बघून आणिक एक घंटा आली. मग दुसरी. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी समद्या बाहेर टांगतो. ज्याला बघायचं त्यानं बघावं."

"ही टवक्याची कुणी दिली?"

"देणाऱ्यानं दिली."

"नाव सांगा, आत्ता सोडतो."

"न्हाई सांगायचा."

बस्स. इथे आप्पा अडला तो अडलाच. मी समजावलं, दम दिला, दुपारपर्यंत कोठडीत ठेवलं. एक नाव, आणि हा माणूस घरी पोळा करणार होता. कोठडीच्या गजाआडून शेवटी एवढंच म्हणाला, "मोठ्या घरच्या बाईचं नाव मी ठाण्यावर घिऊ? तुमी घेताल का तुमच्या आईचं?"

म्हणजे देणारी बाई होती. तेवढा धागा मला पुरला. मी घंटा पुन्हा हातात घेतली. आत लोंबणाऱ्या लोळीला हळद लागली होती, आणि पट्ट्याला लुगड्याच्या काठाची चिंधी गाठ मारून बांधली होती. बैलचोर वाजू नये म्हणून घंटेत चिखल कोंबतो आणि वाटेतच ती फेकून देतो, हे कुठल्याही शिपायाला ठाऊक असतं. घंटा बरोबर नेणारा चोर मी पाहिला नाही, आणि तिला हळद लावणारा तर नाहीच.

मालकाच्या वाड्यावर गेलो. मालक शेतात होते. पाणी मागितलं. दाराआडून त्यांच्या म्हाताऱ्या आईनं तांब्या सरकवला. मी घंटा जोत्यावर ठेवली आणि काहीच विचारलं नाही.

"ती तुमच्याकडं कशी आली?" दाराआडून आवाज आला. "म्या तर आप्पाला दिलती."

"आईसाहेब, आप्पा कोठडीत आहेत त्या घंटेपायी."

दार पूर्ण उघडलं. मग म्हातारी उंबऱ्यात आली. पदर पुढे ओढलेला, पण आवाज खणखणीत.

"बैल गेला त्या सकाळी काट्याच्या कुपाटीत पडलीती. चिखल काढला, धुतली. ल्येकाला दाखिवली असती तर नव्या बैलाच्या गळ्यात घातली असती त्यानं. त्याला काय, पितळ दिसतं. आपल्या आईला इचारायचं सोडून ठाण्यावर गेला व्हय? लिवून घ्या माझी जबानी. अंगठा देते."

आप्पा त्याच दिवशी सुटला. इथपर्यंतची गोष्ट मी पूर्वी बढाईनं सांगत असे. आता खरी गोष्ट ऐका.

घंटा जप्त माल म्हणून तालुक्याच्या मालखान्यात जमा झाल्या होत्या. टवक्याची घंटा फिर्यादी म्हणून मालकाला मिळाली. त्यानं ती दुसऱ्या वर्षी नव्या बैलाच्या गळ्यात बांधली. बाकीच्या सोडवायला आप्पा कचेरीत आला. कारकुनानं विचारलं, "माल तुमचा?"

मी शेजारी उभा होतो. 'हो' म्हणा, मी मनातल्या मनात ओरडलो.

आप्पा म्हणाला, "माझा कसा? लोकांचा हाय. मी नुस्ता सांभाळतो. माझी एक चंद्र्याची."

कारकुनानं तेच लिहिलं. चंद्र्याची एक घंटा त्याला मिळाली. उरलेल्यांना धनी नाही म्हणून माल बेवारस ठरला. मी वर अर्ज केला, धनी आहेत, त्यांना बोलवा. उत्तर आलं की मुदत देऊन दवंडी पिटली आहे, कुणी आलं नाही. येणार कोण? देणाऱ्या बायका. त्या कचेरीची पायरी कशा चढणार? ज्यांनी चढायची ते पुरुष हर्रासाच्या, लिलावाच्या दिवशी तिथेच होते. मी तोंडं ओळखतो. तोवर घरोघरी कळलं होतं की ढिगात कुणाकुणाची घंटा आहे. एकानंही हात वर केला नाही. बायकांच्या रडगाण्यापायी कचेरीत हसं कोण करून घेणार! माजलगावच्या एका तांबटानं तो ढीग वजनावर उचलला. पुढे त्याचे तांबे-पराती झाले असतील.

मी दिंद्रुडला गेलो तेव्हा आप्पाचा थोरला मुलगा गल्ल्यावर होता. तोंडावर म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नका सायब. आप्पा गेल्यावर मी बी मोडीतच घातल्या असत्या. मला कुठं ठावं कोण कुणाची?" आप्पा आतून ऐकत होता. रागावला नाही. "खरं बोलतो त्यो," म्हणाला. "म्या त्याला कधी सांगितलंच न्हाई. वाटलं, मी हाय की."

हे वाक्य मला कुठल्याही अन्यायापेक्षा जास्त लागतं. माणूस वस्तू का जमवतो? हौसेनं, हव्यासानं, म्हणतात. मी तपासात पाहिलं ते वेगळं होतं. टाकवत नाही म्हणून जमवतो, आणि पुष्कळदा स्वतःचं नव्हे, दुसऱ्याला न टाकवलेलं. पण ही कुणाची, ती कुणाची, हे एका म्हाताऱ्याच्या डोक्यात राहतं. तो पाठमोरा झाला की सरकारला आणि पोटच्या पोराला सारखंच दिसतं, पितळ. पुढल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आप्पा ओसरीवर बसला होता. दोर बांधला नव्हता. बायका आल्या, मीठमिरची घेतली, गेल्या.

वाचणाऱ्या, तू पुरुष आहेस आणि घरात म्हातारी आई आहे, तर हे पत्रक खाली ठेव आणि तिला विचार, तिनं काय कुणाकडे ठेवायला दिलं आहे. ज्याच्याकडे दिलं त्याच्याकडे जा आणि कुठलं कुणाचं ते ऐकून घे. आणि उद्या ते कुणी पोत्यात भरून नेलं, तर कचेरीत उभा राहा आणि चारचौघांत बोल, हे आमचं आहे.