तराफ्यावरचा म्हातारा

दुबईत अल कुसैसमधल्या एका फ्रेमच्या दुकानात दगडू मेस्त्री एकोणीस वर्षं चौकटी करत होता. हात सफाईदार, पण चौकटीच्या आत काय आहे याकडे तो कधी फारसा बघत नसे. आत घोडे असोत नाहीतर कुणाचं लग्न. त्याला फक्त लांबी-रुंदी लागायची.

मार्चमध्ये जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षिका, मृणालिनी कर्णिक, चार मोठी छापील चित्रं घेऊन आल्या. नववीच्या वर्गाला रोमँटिक चित्रकार शिकवायचे होते.

“रोमँटिक म्हणजे सिनेमातलं?” दगडूनं विचारलं.

त्या हसल्या. “मुलंही हेच विचारणार. नाही हो मेस्त्री. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले काही चित्रकार मोजूनमापून काढलेल्या चित्रांना कंटाळले. माणसाच्या आत जे उसळतं ते त्यांना काढायचं होतं. भीती, एकटेपण, समुद्र.”

त्यांनी एकेक चित्र उलगडलं. कड्यावर उभं राहून धुकं बघणारा माणूस, फ्रीडरिशचा. वादळात घुसळून निघालेली टर्नरची आगबोट. प्रेतं ओलांडून झेंडा पुढं नेणारी देलाक्रॉआची बाई. चौथं जेरिकोचं होतं: भर समुद्रात एक तराफा आणि त्यावर मेलेली, अर्धमेली माणसं.

“हे खरंच घडलेलं. मेड्युझ नावाचं फ्रेंच जहाज आफ्रिकेजवळ रुतलं. साहेबलोक होड्यांतून गेले, दीडशेएक माणसं या तराफ्यावर राहिली. तेरा दिवसांनी पंधराच जिवंत सापडली. त्यांत जहाजाचा सुतार होता. जेरिकोनं त्याच्याकडून तराफ्याचा छोटा नमुना करून घेतला. मला तसाच एक द्याल करून?”

दगडूचे वडील मालवणजवळ सर्जेकोटला होड्या बांधायचे. तो चित्रावर वाकला.

“मॅडम, वारा उलटा आहे. लांब जहाज दिसतंय, पण शिडातला वारा यांना भलतीकडेच ओढतोय.”

मृणालिनी चष्मा सावरून बघू लागल्या. हे चित्र त्या किती वर्षं शिकवत होत्या!

“आणि सगळे फडकी हलवतायत, मग हा म्हातारा जहाजाकडं पाठ करून का बसलाय?”

“मांडीवर त्याचा मुलगा आहे. गेलेला.”

दगडूनं टेप उलगडली. माप घेतलं, पावती फाडली.

सोळा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ भिवा वादळात होडीसकट गेला होता. होडी आबांनीच, म्हणजे वडिलांनीच, बांधलेली. सगळा गाव चार दिवस किनाऱ्यावर होता; आबा मात्र घरामागं माडांकडं तोंड करून बसले होते. दुबईहून धावत आलेला दगडू सगळ्यांदेखत त्यांना बोलला होता, “बापूस मा तुम्ही? किनाऱ्यार तरी येवा!” आबांनी मान वळवली नव्हती. त्यानंतर त्यांनी होडी बांधली नाही, आणि बापलेकांचं फोनवरचं बोलणं औषधं आणि पावसापलीकडं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन लावला.

“आबा, तराफ्याचे ओंडके बांधूचे कसे?”

पलीकडून एकदम जुना, कामावरचा आवाज आला. “खिळो मारू नको. लाटेत उपाटता. काथ्याची दोरी भिजवून घे, आडवी-उभी आवळ.”

दगडूनं चित्राबद्दल सांगितलं. “एक म्हातारो आसा. पोराक मांडयेर घेवन बसलो आसा. बोट येता, तरी बघना नाय.”

“तो कित्याक बघतलो?” आबा म्हणाले. “तेचो कोण येवचो रवलो?”

दगडूनं डबा बाजूला सरकवला. “आबा, तेव्हा मी तुमका बोल्लंय. माका कळूक नाय.”

“भिवा तुझो पण भाव होतो,” आबा म्हणाले.

तराफा आठ दिवसांत झाला. मृणालिनीबाईंनी त्याला वर्गातच बोलावलं. नवा शर्ट घालून तो गेला आणि मोडक्या हिंदीत शीड, वारा, गाठी समजावत राहिला. मुलं इंग्रजीत विचारत होती, बाई ते त्याला मराठीत सांगत होत्या. ओवी नावाच्या मुलीनं गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली, आणि तिसऱ्यांदा ती पक्की बसली.

त्या रविवारी आबांनी आपणहून फोन केला. भिवाच्या होडीला कुठलं लाकूड लावलं, ते कसं तासलं, भिवा कुठं बसून बघायचा, सगळं सांगत होते. दगडूला फक्त ऐकायचं होतं.