झाकण बसत नाही

माझ्याकडे एक स्टीलचा डबा आहे. बसका, एका माणसाचं वरण मावेल एवढा, झाकणावर माझं नाव घातलेलं. तीन वर्षं हा डबा माझ्या स्वयंपाकघरातून वर माडीवर जायचा आणि परत खाली यायचा. माडीवर माझी भाडेकरू राहायची. पुण्याची पोरगी, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, वय तीस-एकतीस. मलकपेठचं आमचं घर जुनं आहे, वर जायचा जिना बाहेरून आहे. मी एकटीच असते, मुलगा परदेशात. तिला रांधता यायचं नाही आणि मला एकटीपुरतं रांधता येत नाही, एवढ्यावर ओळख झाली. पुढे ती लोकांना सांगायची, "या माझ्या दोस्त." मला आधी ते विचित्र वाटायचं. चाळीस वर्षांनी मोठी दोस्त कुठे असते? मग सवय झाली.

पहिल्यांदा तिने डबा लख्ख घासून आणला, पण रिकामा. मी दारातच म्हटलं, "तुला आईनं शिकवलं नाही का? दुसऱ्याचा डबा रिकामा देत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी टाकावी."

"आई मी सहावीत असताना गेली, काकू."

"मग आता शिक. जा, साखर घालून आण."

ती गेली आणि खरंच घेऊन आली. त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. घरात साखर नसली की हाताला लागेल ते घालायची. एक वेलदोडा, ऑफिसातलं चॉकलेट. एकदा नुसती चिठ्ठी होती, "साखर सपली". तिची शाळा इंग्रजी, मराठी लिहिताना अनुस्वार खायची. मी चौथीपर्यंतच शिकले, पण अनुस्वार खात नाही. तसं तिला सुनावलं तर म्हणाली, "काकू, तुम्ही माझ्या मॅनेजरपेक्षा खतरनाक आहात."

मग तिला पोटाचा कॅन्सर निघाला. वडील पुण्याहून आले आणि माडीवरच राहिले. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आणि वर्षभराने डॉक्टरांनी हात टेकले. वडील म्हणाले, पुण्याला जाऊ. ती म्हणाली, "नक्को, बाबा." नक्को आणि हौ, म्हणजे नको आणि हो, हे इकडच्या हिंदीतले दोन शब्द ती आमच्याकडे येऊन शिकली होती आणि उगाच वापरायची. प्रवास तिला झेपलाही नसता. मग तिला शहराबाहेरच्या एका हॉस्पिसमध्ये ठेवलं. तिथे बरं करत नाहीत. दुखू देत नाहीत, एवढंच. वडिलांना तिच्याच खोलीत एक खाट दिली होती.

पहिल्या खेपेला मी माझ्या स्टीलच्या डब्यात मुगाचं वरण आणि मऊ भात घेऊन गेले. अफझलगंजला बस बदलावी लागते, सगळा मिळून दीड तास. मला वाटलं होतं तिथे औषधांचा वास येत असेल, माणसं कण्हत असतील. तसं काही नव्हतं. अंगणात कडुनिंब होता आणि कोणीतरी त्याखाली बसून पेपर वाचत होतं. तिने चार चमचे खाल्ले. निघताना डबा मागितला, चहाच्या ताटलीतल्या साखरेच्या दोन पुड्या त्यात टाकल्या आणि झाकण लावलं.

"रिकामा देत नाही हं मी," म्हणाली.

मी बाहेर पडले तर शेजारच्या खोलीतून एका म्हाताऱ्याला नेत होते, पांढरी चादर तोंडावर घेतलेली. "अम्मा, जरा बाजू हो जाव," नर्स म्हणाली. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. डबा माझ्या हातात होता.

घरी आले आणि मला डबा आत नेता येईना. कॅन्सर लागत नाही हे मला ठाऊक आहे, मी एवढी अडाणी नाही. पण ज्या घरातून माणूस परत येत नाही तिथलं भांडं माझ्या गॅसजवळ नको, असं काहीतरी मनात घट्ट बसलं. मी डबा बाहेर धुण्याच्या दगडावर ठेवला. चिंचेने घासला, वर गरम पाणी ओतलं आणि दोन दिवस उन्हात पालथा घातला. साखरेच्या पुड्या गल्लीतल्या गटारात टाकल्या. हात कोपरापर्यंत धुतले.

पुढच्या खेपेला अफझलगंजला उतरले तेव्हा तिथूनच प्लास्टिकच्या डब्यांचं पाकीट घेतलं. हॉटेलवाले पार्सलला देतात तसले, वापरून फेकायचे. मग दर खेपेला त्यातला एक. तो तिकडेच राहायचा, परत आणायचा प्रश्नच नाही. मला हे मोठं शहाणपणाचं वाटलं होतं.

तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचा डबा कुठे गेला?"

"झाकण बसत नाही त्याचं आता. बसमध्ये सांडतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघितलं.

"हे किती आणलेत?"

"पंचवीसचं पाकीट येतं."

"मग उरतील, काकू," ती म्हणाली आणि हसली. तिचे वडील उठून बाहेर गेले. मी चमचा शोधत बसले. चमचा माझ्याच हातात होता.

असे पाच डबे गेले. दर खेपेला तिचं खाणं कमी. पण दर खेपेला मी उठले की तिचा हात ताटलीकडे जायचा, पुडीवर थांबायचा आणि परत यायचा. घालणार कशात? ते मला दिसायचं. दिसत नाही असं मी दाखवायची.

सहाव्या खेपेहून येताना बसमध्ये मला माझी थोरली चुलती आठवली. आमच्या गावी तिला क्षय झाला होता, तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिचं ताट-वाटी गोठ्यात वेगळी ठेवलेली असायची. तिला भाकरी द्यायचं काम माझ्याकडे होतं, वरून टाकायची, ताटाला हात लावायचा नाही. ती एकदा म्हणाली, "अगं बये, जरा वाकून वाढ. कुत्र्याला टाकतेस का?" त्या दिवशी मला घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचा राग आला होता. मोठी झाल्यावर मी कोणाशी असं वागणार नाही, असं मी ठरवलं होतं. आणि चुलतीचा रोग निदान लागणारा तरी होता.

सातव्या खेपेला मी स्टीलचा डबा घेऊन गेले. नुसती तांदळाची पेज होती. ती डोळे मिटून पडली होती, गालाची हाडं वर आलेली. मी डबा खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला. तो वाजला तसे तिने डोळे उघडले. हात लांब करून झाकण काढलं, परत लावलं, परत काढलं. त्यातच तिला धाप लागली.

"झाकण बसतं की, काकू."

"बसतं," मी म्हटलं. "मी खोटं बोलले होते."

"कळलं होतं मला."

"तो डबा इथून घरात न्यायला माझं मन धजत नव्हतं. तू दिलेली साखर पण मी टाकून दिली."

वडील तिथेच होते. त्यांनी मान खाली घातली. तिने झाकण परत लावलं. मग म्हणाली, "मी पण तुमचं कारलं टाकून द्यायचे. पहिलं पूर्ण वर्ष."

"आणि खाली येऊन मस्त होतं म्हणायचीस?"

"मग काय म्हणणार? तुम्ही घरमालकीण."

ती हसली, मला हसता आलं नाही. कारलं टाकणं आणि मी केलं ते सारखं नव्हतं, हे तिला कळत होतं. मला सोडवायला म्हणून ती ते बोलली. तिच्यावर ही पाळी यायला नको होती.

पेज तिने एक चमचा घेतली, तीही ओठांवरच राहिली. वडिलांनी डबा धुऊन आणला आणि माझ्या पिशवीत घालू लागले.

"बाबा, रिकामा नाही द्यायचा," ती म्हणाली. मग दोन पुड्या वडिलांनी घातल्या, तिने नुसतं बघितलं. मला म्हणाली, "या वेळी चहात घाला. घालाल ना?"

"घालीन," मी म्हटलं.

आता पुढचं लिहायचं आहे, ते जड जातं. मी घरी आले, आंघोळ केली, आणि डबा पिशवीसकट व्हरांड्यात चपलांच्या फळीवर ठेवला. उद्या घेऊ आत, म्हटलं. आज थकले आहे. थकले होते हेही खरंच, पण थकले नसते तरी तेच केलं असतं.

संध्याकाळी वडिलांच्या फोनवरून तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी पंखा बंद केला.

"घातली का साखर?"

व्हरांड्याचं दार उघडं होतं. पिशवी मला तिथून दिसत होती. चार पावलं होती.

"घातली," मी म्हटलं. "चहा गोड झाला होता."

"हौ?" ती म्हणाली. मग वडिलांनी फोन घेतला आणि म्हणाले की ती आता झोपेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. वडिलांचा फोन आला तेव्हा पिशवी चपलांच्या फळीवरच होती. मी ती उचलली, आत गेले, डबा ओट्यावर ठेवला. गॅसवर चहा ठेवला आणि त्यात दोन्ही पुड्या फाडून टाकल्या. अंगाला पाणी लावलं नव्हतं. गेल्याची खबर कानावर पडल्यावर आंघोळीआधी आमच्यात कोणी चुलीपाशी जात नाही. मी गेले. चहा फार गोड झाला, मी कमी साखरेचा घेते. उभ्यानेच सगळा प्यायले.

त्याचा तिला काही उपयोग नव्हता. मी चार पावलं तेव्हा चालायला हवी होती.

उरलेले प्लास्टिकचे डबे कपाटाखाली आहेत, वीस. वडील माडी रिकामी करून पुण्याला निघाले तेव्हा मी त्यांना नामपल्ली स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीत खायला दशम्या दिल्या, स्टीलच्या डब्यात. परत पाठवायची घाई करू नका, म्हटलं. त्यांना विचारावंसं वाटत होतं की फोन ठेवल्यावर ती काही बोलली का. विचारलं नाही.

झाकणाचं खोटं तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चहाचंही कळलंच असेल.