नंबर लागला होता

हे मी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, देवळात हात जोडूनही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — बहुतेक तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून.

माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, डाव्या डोळ्याखाली फोड आला होता. काजूच्या बिया भाजताना तेल उडतं, कातडी जळते. आमच्याकडे ते कुणी मनावर घेत नाही. दादानेही खोबरेल चोळत वर्ष काढलं. मग तपासणी झाली — कातडीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, लवकर कापलं तर डोळा वाचेल. पण रांग मोठी. नंबर लागला की फोन करू. दादाकडे फोन नाही. माझा दिला.

आणि फोन आला. हो, आला! भर काजूच्या दिवसांत. परवा घेऊन या, खाट रिकामी झाली आहे.

मी काय केलं? आमची फेणीची भट्टी पेटलेली. बोंडू, म्हणजे काजूची फळं, एका दिवसात कुजायला लागतात, आणि भट्टीला हात दादाचाच. तो गेला असता तर रजा काढून ते चिकट, आंबूस काम माझ्या गळ्यात पडलं असतं. मला ते नको होतं — बस्, एवढंच. मी म्हणालो, "पेशंटला ताप आहे, पुढची तारीख द्या." किती सहज निघालं तोंडातून!

घरी वहिनीने विचारलं, "फोन इलो काय रे?"

"खंय इलो? सरकारी काम नि सहा महिने थांब," मी म्हटलं. हसलोसुद्धा.

पुढचा नंबर पावसात लागला. तोवर डोळा काढण्यावाचून इलाज राहिला नव्हता.

सगळ्या गावाने इस्पितळाला शिव्या घातल्या. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा होता? माझाच. लाज वाटत होती — तरी ओरडत होतो.

दादा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "आमचो बाबू धावलो म्हणान नंबर तरी लागलो. नायतर मी खंयचो वाचतंय!"

जेवताना मी रोज त्याच्या डाव्या हाताला बसतो. वहिनीला वाटतं, त्या बाजूचं त्याला दिसत नाही, म्हणून भाऊ वाढायला जवळ बसतो. तसं नाही. तिथे बसलं की मी त्याला दिसत नाही.