गुरचरणावरचे प्लॉट

आमच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे कुणाच्याच नावावर वीतभर जमीन नव्हती. वडील रेल्वेत, सासरेही रेल्वेत. लहानपण रेल्वेच्या चाळीत गेलं आणि लग्नानंतर कर्जतमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी कडावच्या शाळेत शिकवत होते, हे खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. पोटापाण्याची चिंता नव्हती. पण शाळेतल्या पोरी सहज बोलता बोलता "आमचं खालचं शेत", "आमची डोंगरउतारावरची वरकस" असं म्हणायच्या तेव्हा मला उगीचच कमीपणा वाटायचा.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आमच्या भागात जमिनीचं वारं सुटलं होतं. शनिवारी मुंबईहून चांगल्या कपड्यांतली मंडळी उतरायची, रिक्षा करून भाताच्या शेतांकडे जायची आणि बांधावर उभी राहून हात लांब करून एकमेकांना काहीतरी दाखवायची. भाजीवाल्यापासून शिंप्यापर्यंत जो तो गुंठ्याचा भाव सांगायला लागला होता. अशा दिवसांत एकदा शाळेतून परत येताना स्टँडवर एकानं माझ्या हातात पत्रक दिलं. 'जमिनीतून भाग्योदय. पहिलं व्याख्यान मोफत.'

मी यांना म्हटलं, "जाऊन तर बघू."

हे म्हणाले, "फुकट आहे म्हणजे नंतर महाग असणार."

तरी मी गेले. कर्जतच्या एका मंगल कार्यालयात व्याख्यान होतं. क्रीम रंगाचा सफारी घातलेले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. सगळे त्यांना 'सर' म्हणत होते. आवाज असा गोड की कीर्तनकारानं ऐकत बसावं. ते म्हणाले, "नोकरी करणारा माणूस पगार मोजत म्हातारा होतो. जमीन घेणारा माणूस झोपतो आणि त्याची जमीन जागी राहून वाढते." मग त्यांनी पुढच्या रांगेतल्या बायकांकडे बघून विचारलं, "ताई, तुमच्या मुलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात राहायचं का?"

हा प्रश्न मला सुईसारखा टोचला.

शेवटी त्यांनी सांगितलं की खरं ज्ञान तीन रविवारच्या वर्गात मिळेल, वर्ग खोपोलीत शिळफाट्यावर भरेल, जागा थोड्याच आहेत आणि आज नाव घालणाऱ्यालाच सवलत मिळेल. तोंडातून वाक्य पुरतं बाहेर पडलं नाही तोच मागून तीन माणसं उठून टेबलाकडे पळत गेली. एक जण तर खुर्चीला अडखळला. त्यांच्या मागून आणखी पाच-सहा जण धावले. मीही उठले. लोखंडी कपाटासाठी बाजूला ठेवलेले पैसे दुसऱ्या दिवशी आणून देईन असं म्हणाले, तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "बाई, उद्या ही सवलत नाही." मी घरी पळत गेले आणि पैसे घेऊन आले. माझ्या पगाराहून जास्त रक्कम होती ती. हे दारात उभे होते. एवढंच म्हणाले, "पावती घे."

पहिल्या रविवारी शिळफाट्याला एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही तीसेक जण जमलो. मी नवी वही नेली होती, समास आखून. सकाळपासून दुपारपर्यंत मी लिहीत होते आणि दुपारी जेवताना ते परत वाचायला घेतलं. वहीत होतं : मोठं स्वप्न बघा. घाबरणारा मागे राहतो. जमीन विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारू नका, ते मत्सरानं बोलतात. एवढंच. चौथीच्या मुलाला एवढ्या वेळात मी भागाकार शिकवला असता.

माझ्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड बसले होते. कर्जतचेच, वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी हात वर करून विचारलं, "सर, सातबारा कसा वाचायचा ते कधी शिकवणार?"

सर हसले. "काका, ती कारकुनाची कामं. आपल्याला मालक व्हायचंय."

सगळे हसले. मीही हसले आणि त्याची मला आजही लाज वाटते.

त्याच दुपारी सरांनी पुढच्या, 'विशेष वर्गा'ची गोष्ट काढली. लोणावळ्याला तीन दिवस, फी चौपट. पुन्हा तीन माणसं उठून पळत टेबलाकडे गेली. त्यातला एक खुर्चीला अडखळला. मी नीट बघितलं. कर्जतला अडखळला होता तोच हा माणूस. तिथे चहाच्या वेळी त्यानं मला सांगितलं होतं की त्याचं नेरळला किराणा दुकान आहे. आता तो आपण पुण्याचे इंजिनिअर असल्याचं शेजारच्याला सांगत होता. तरी वाटलं, पैसे भरलेत, पुढचा रविवार तर बघू.

दुसऱ्या रविवारी त्यांनी आम्हाला बसमधून पोशीरला नेलं. रस्त्यापासून आत एक मोकळं माळरान होतं. चुन्यानं चौकोन आखलेले, कोपऱ्यांवर लाल-पिवळे झेंडे, मधे मांडव आणि मांडवात सरबत. सरांनी नकाशा वाटला. "शिबिरार्थींसाठी खास भाव. पुढच्या रविवारी बयाणा आणा. त्यानंतर हे प्लॉट मुंबईच्या लोकांना जाणार."

सगळे मांडवात सरबत पीत होते. मी जरा चालत पलीकडे गेले. तिथे एक बाई दोन म्हशी आणि एक रेडकू घेऊन उभी होती. पन्नाशीची असेल. चुन्याच्या रेघांकडे ती अशी बघत होती, जणू कुणी तिच्या अंगणात रांगोळी काढून गेलंय.

"काय चाललंय गं हे?" तिनं मला विचारलं. "काल दोघं आलं नि चुना टाकून गेलं. लगीन हाय का कुनाचं?"

"नाही हो मावशी. प्लॉट पाडलेत. विकायचेत."

"इकायचंत? कोन इकतंय?"

मी नकाशा काढून मूळ मालकाचं नाव वाचलं. ती हसायलाच लागली.

"या नावाचा मानूस आमच्या गावात नाय गं बाय. आनि ही कुनाची जमीनच नाय. ही गुरचरन हाय. सगळ्या गावाची गुरं हितं चरतात. माजं लगीन होऊन आलं तवापासनं मी हितंच येतेय."

मी परत मांडवात आले आणि सरांना हळूच विचारलं, "सर, ही गुरचरण आहे असं ती बाई म्हणते."

सरांनी माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघितलं. "बाई, पहिल्या दिवशी काय शिकवलं? शेजाऱ्यांना विचारू नका."

बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. गार्डकाका मागच्या सीटवरून वाकून म्हणाले, "पोरी, मी बयाण्याचे पैसे काढून ठेवलेत. आणू का नको?"

"आणा," मी म्हटलं. "पण देऊ नका. मला आठवडाभर वेळ द्या."

सोमवारी मी शाळेत रजा टाकली. नेरळहून कळंबच्या एस.टी.नं पोशीर गाठलं आणि तलाठ्याच्या चावडीत जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच अशा कचेरीत गेले होते. नकाशावरचा गट नंबर सांगितला. तलाठी वयस्कर होते, चष्मा नाकावर. त्यांनी मोठं दप्तर काढलं, पानं उलटली आणि बोट ठेवलं.

"सरकार. गुरचरण. हे कुणाला विकताच येत नाही."

"मला नक्कल द्याल?"

"देतो की. पण बाई, तुम्हाला कशाला हवी? तुमच्या नावावर कुठं शेती आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही शेतजमीन घेऊच शकत नाही. शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

माझ्या पगाराहून जास्त फी घेतली होती आणि हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच बाकावर बसून राहिले. मला स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तलाठ्यांनी प्यायला पाणी दिलं, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आता आलाच आहात तर सातबारा कसा वाचायचा ते शिकून जा." त्यांनी एकेक रकाना समजावला. वर गाव, गट, क्षेत्र. मालकाचं नाव. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, कर्जाचा बोजा, शर्ती. नावाशेजारचा आकडा म्हणजे फेरफार, जमीन या माणसाकडे कशी आली त्याची नोंद. मी वही काढली. तीच समास आखलेली. त्या तासाभरात ती पहिल्यांदा कामाला आली.

हातानं लिहिलेली नक्कल, खाली शिक्का आणि सही, असा कागद मी पिशवीत घातला. संध्याकाळी यांना दाखवला. यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "रविवारी मीपण येतो."

तिसऱ्या रविवारी हॉल भरला होता. टेबलावर पावतीपुस्तक आणि पत्र्याची पेटी. सरांचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच नऊ-दहा जणांनी बयाणा भरलाही होता. गार्डकाका दारापाशी बसले होते, हे भिंतीला टेकून मागे उभे होते. सरांनी टाळ्या वाजवून घेतल्या, म्हणाले, "धीट माणसं पुढे या."

मी उभी राहिले. "सर, मी पुढे येते."

"शाब्बास बाई! बघा, एक शिक्षिका..."

मी लोकांकडे तोंड केलं. रोज चाळीस पोरांपुढे उभं राहायची सवय होती. वर्गात वाचते तसा कागद वाचला. गाव पोशीर. गट नंबर. मालक, सरकार. इतर हक्क, गुरचरण. तलाठ्याची सही आणि शिक्का. मग नकाशावरचं नाव वाचलं आणि म्हटलं, "या नावाचा माणूस त्या गावात नाही. आणि आपल्यापैकी ज्याच्या नावावर शेती नाही त्याला शेतजमीन घेताच येत नाही. हे मला तलाठ्यांनी फुकट सांगितलं. इथं पैसे देऊन कुणी सांगितलं नाही."

सर हसले. "बाईंचा कागद जुना असेल. शंका शेवटी घेऊ."

"याच सोमवारचा आहे," मी तारखेवर बोट ठेवून म्हटलं. "कुणालाही बघता येईल."

पुढच्या रांगेतले एक दूधवाले उठले, कडावचे, नावावर चांगली शेती असलेले. त्यांनी कागद घेतला, सावकाश वाचला आणि मोठ्यानं म्हणाले, "खरंय. गुरचरनच हाय ही. माजा बयाना परत करा."

"पंधरा दिवसांत चेक येईल," टेबलावरचा माणूस म्हणाला आणि पेटी उचलायला लागला. ते तीन पळणारे गृहस्थ एव्हाना दाराकडे निघाले होते. गार्डकाकांनी आपली खुर्ची उचलली, दाराच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले.

"घाई नाही," ते म्हणाले. "पावती दाखवून सगळ्यांचे पैसे देऊन होऊ द्या. मग आपण सगळेच खाली उतरू."

हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. दूधवाले पेटीवर हात ठेवून उभे. खालून हॉटेलवालाही वर आला, कारण त्याच्या हॉलचं भाडं राहिलं होतं. सरांचा गोड आवाज पार बसला. अर्ध्या तासात बयाण्याचे सगळे पैसे ज्याचे त्याला परत मिळाले, एकूण एक. फी मात्र मुंबईला गेली होती, ती काही आली नाही. जिना उतरताना दूधवाले मला म्हणाले, "बाई, तुमी होता म्हून वाचलो." मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळा जिना टाळ्या वाजवायला लागला. मी घरी येईपर्यंत रडत-हसत होते.

सर आमच्या भागात पुन्हा दिसले नाहीत. पोशीरच्या ग्रामपंचायतीनं गुरचरणावर पाटी लावली, असं तलाठ्यांनीच कळवलं.

पुढच्याच आठवड्यात शाळेतल्या एका मुलीची आई माझ्याकडे आली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. ती हातात घडी घातलेला सातबारा घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, तुमाला वाचता येतो म्हनं. माजं नाव हाय का यात?"

नव्हतं. दिराचं होतं. मी तिला वारस नोंद म्हणजे काय ते सांगितलं, अर्ज लिहून दिला आणि तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेले. दीर चावडीत येऊन ओरडला, "वहिनी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिला सही येत नव्हती. शाळेच्या व्हरांड्यात रोज संध्याकाळी बसून आठ दिवसांत ती स्वतःचं नाव लिहायला शिकली, आणि जबाबाच्या कागदावर तिनं अंगठा नाही, सही केली. जरा वाकडी, पण सही. काही महिन्यांनी नव्या उताऱ्यात दिराच्या खाली तिचं आणि मुलीचं नाव आलं. तिनं तो कागद शाळेत आणून सगळ्या वर्गाला दाखवला.

मग बायका येतच राहिल्या. रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात मी फळा मांडायची आणि सातबाऱ्याचे रकाने आखायची. फी नव्हती. कधी कुणी काकडी आणायचं, कधी नवे पोहे. हेही यायचे, गट नंबर मोठ्या अक्षरात लिहायचे, कारण माझं अक्षर बारीक.

काही वर्षांनी आम्ही कर्जतमध्ये बिगरशेती प्लॉट घेतला, दोनच गुंठे. मागच्या तीस वर्षांचे सगळे फेरफार मी स्वतः काढून वाचले. विकणारा वैतागून म्हणाला, "बाई, एवढं तर बँकवाले विचारत नाहीत." मी म्हटलं, "विचारायला हवं त्यांनी." खरेदीखतावर आमची दोघांची नावं आहेत.

आणि एका उन्हाळ्यात खालापूरकडच्या एका गावातून निरोप आला की आमच्याकडे येऊन एकदा सांगा. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती आणि समोर सतरंजीवर तीस-चाळीस बाया-माणसं बसली होती, प्रत्येकाच्या हातात आपापला उतारा. एका म्हातारबाबांनी तो उलटा धरला होता. मी खुर्ची बाजूला सारली, त्यांच्याजवळ जाऊन बसले, कागद सरळ करून त्यांच्या हातात दिला आणि सुरुवात केली, "सगळ्यात आधी वर बघा. गावाचं नाव वाचा."

"वाचलं," चाळीस जण एकदम म्हणाले.