रस्त्यापलीकडची आई

जिच्यापुढे रोज सांजवात लावायची, त्या देवीकडे मी काय मागत होते ते सांगायला संकोच वाटतो. कुणाला वाटेल मुलाबाळांचं सुख मागत असेन. मी मागत होते, आई, रस्ता रुंद होऊ दे, पण पलीकडच्या बाजूनं होऊ दे. पलीकडे माझी धाकटी जाऊ सुरेखा राहते.

धायरीत आमची शेती होती तेव्हा हा रस्ता म्हणजे नुसती गाडीवाट होती. वाटेच्या कडेला आमच्या बांधावर शेंदूर माखलेली ही देवी. तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही, सगळे बांधावरची आई म्हणतात. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा वाटेच्या अलीकडचं रान आम्हाला आलं, पलीकडचं दिरांना. पुढे वाटेवर डांबर पडलं, आजूबाजूला इमारती उठल्या, पण रस्ता तेवढाच राहिला, एक गाडी येणारी आणि एक जाणारी. संध्याकाळी पाण्याचे टँकर, शाळेच्या बस, दुचाकीवाले सगळे आमच्या ओट्यासमोर येऊन अडकायचे. मी आरतीला घंटा वाजवायचे ती मलाच ऐकू यायची नाही. त्यामुळे रस्ता रुंद व्हायला हवा याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते बाजूबद्दल.

दिरांनी आपलं रान बिल्डरला दिलं होतं आणि त्यानं इमारत बांधताना पुढे ऐसपैस जागा सोडली होती. आमचं घर मात्र जुनं, रस्त्याला खेटून, आणि आई आमच्या ओट्यालाच लागून. मोजणीची माणसं आली आणि लाल खूण आमच्या बैठकीच्या भिंतीवर करून गेली. ओटा जाणार, पुढची खोली जाणार. मोबदला मिळणार होता, मागच्या खोल्या राहणार होत्या, उघड्यावर पडायची वेळ नव्हती. तरी मला झोप लागेना. सुरेखाचं काही जात नव्हतं, हे माझं दुखणं. माझ्या अंगणावरून रस्ता जाणार आणि मोठ्या रस्त्यावरचं घर म्हणून मिरवणार ती. तिच्या दारात सावली, तिच्या सुना तिला विचारून स्वयंपाक करणार. इतकंच काय, तिचा मोगराही माझ्यापेक्षा जास्त फुलायचा, आणि त्याचं रोप मीच दिलेलं. ती स्वभावानं वाईट असती तर मला फार सोपं गेलं असतं. पण तीही सोय तिनं ठेवली नव्हती.

माझ्याकडे एकच गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती, आणि ती म्हणजे आई. रोज सकाळी परडीत फुलं घेऊन सुरेखाला गाड्या चुकवत माझ्या दारात यावं लागायचं. मी आतून बघत असायचे. ती वाकून नमस्कार करायची तेव्हा ती देवीपुढे वाकतेय हे मला कळत होतं, पण ओटा माझा होता, त्यामुळे थोडा नमस्कार मीही माझ्या खाती धरून घ्यायचे.

आता रुंदीकरणात आईचीही जागा जात होती. तिला सुरेखाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली बसवावं असं सगळ्यांचं मत पडलं. मी आकांडतांडव केलं. आई आमच्या बांधावरची, ती आमच्याबरोबरच राहील म्हटलं. घरामागे चिंचोळी जागा उरत होती, तिथे बसवू. आमचे हे फारसं बोलत नाहीत. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि विचारलं, "धुण्याच्या दगडाच्या उजवीकडे बसवायची का डावीकडे, तेवढं सांग." पुढे दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. शेवटी गावच्या गुरवांनी तोडगा काढला, आईलाच कौल लावू.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. जी कळी आधी पडेल तो देवीचा शब्द. उजवी पडली तर आई सुरेखाकडे, डावी पडली तर माझ्याकडे असं ठरलं. कळ्या सुरेखाच्याच मोगऱ्याच्या होत्या, तेही मला खुपलं.

सकाळची वेळ होती. शेजारची भिंत पाडून जेसीबी आमच्या ओट्याशी येऊन थांबला होता. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही सगळे बसून राहिलो. मी डाव्या कळीकडे एकटक बघत होते. मनात देवीचं नाव नव्हतंच. पड, पड, एवढंच चाललं होतं. ऊन चढलं, दोन्ही कळ्या सुकायला लागल्या, तरी एकही हलेना. मागे गाड्यांची रांग लागली, कुणीतरी हॉर्न दाबून धरला. जेसीबीवाला विदर्भाकडचा होता. आपल्यामुळे त्याचं काम अडलंय, म्हणून माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवेना. तो मशीन बंद करून खाली उतरला, चपला काढून हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "होऊ द्या मावशी निवांत. देवाचं काम हाय, मी थांबतो ना." त्या अनोळखी माणसाच्या बोलण्यानं का कोण जाणे, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कळीवरची नजर पहिल्यांदा सुटली आणि मी हात जोडले.

तेवढ्यात आईच्या अंगावरची शेंदराची खोळ तडकली आणि दोन्ही कळ्यांसकट गळून पडली. सकाळपासून मशीनचे हादरे बसत होते, त्यानं पडली असेल असं माझा मुलगा म्हणतो. असेलही. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

खोळीच्या आत एक दगड नव्हता, दोन होते. एक थोडा मोठा, एक लहान, एकमेकांना टेकलेले. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत गेला आणि दोन्हींची मिळून एक आई झाली होती. गुरव म्हणाले, "बहिणी हाईत ह्या. मग भांडण कशाला? एक हिकडं, एक तिकडं. मिटलं." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मोठी कुठली हे मी तोवर बघून ठेवलं होतं.

सुरेखा म्हणाली, "अक्का, मोठी तुम्ही घ्या."

तिनं भांडायला हवं होतं. मी मोठी आई पदरात घेतली, मागच्या जागेत गेले आणि धुवून पुसून पाटावर ठेवली. ती कलंडली. पुन्हा ठेवली, पुन्हा कलंडली. खाली तांदूळ घातले, बाजूला विटेचा तुकडा लावला, तरी बसेना. तिचा तळ एका अंगानं झिजलेला होता. ती कधी एकटी बसलेलीच नव्हती. मी तिथे धुण्याच्या दगडाजवळ फतकल मारून बसले आणि पोटभर रडले. आईला मी माझी माझी म्हणत होते, आणि ती बहिणीला टेकल्याशिवाय बसूही शकत नव्हती.

मग उठले. सुरेखा अजून ओट्यापाशी धाकटीला पदरात धरून उभी होती. कुठे ठेवायची ते मला विचारायला थांबली होती. मी म्हटलं, "सुरेखा, पदर नीट पसर गं." आणि मोठीही तिच्या पदरात घातली. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. माझे सगळे उपाय संपले होते, एवढंच.

आता रस्ता रुंद झाला आहे. लिंबाखाली दोघी बहिणी नवा शेंदूर लेवून बसल्या आहेत. मी रोज संध्याकाळी फुलं घेऊन निघते. गाड्या आता अडकत नाहीत, सुसाट जातात, आणि माझे गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहीत. सुरेखा पलीकडून बघत असते. ती मधल्या दुभाजकापर्यंत येते, हात दाखवून गाड्या थांबवते आणि माझा दंड धरून मला पलीकडे नेते. तिचा मोगरा बघून अजूनही मला बारीकशी कळ येते, खोटं कशाला बोलू? देवीनं माझा मत्सर काढून घेतला नाही. तिनं फक्त आपलं आसन रस्त्यापलीकडे नेलं. आता तिच्यापर्यंत पोचायचं तर मला रोज सुरेखाचा हात धरावा लागतो.