खोलीला गाडीचं रबर

सीटकव्हरवाल्याचं दुकान पुढे आणि घर मागे. मध्ये एक भिंत, भिंतीत एक दार, आणि दारापलीकडे त्याच्या वडिलांची खोली. शटर सकाळी नऊला वर गेलं की संध्याकाळी सातलाच खाली यायचं. रस्त्यावरचा वारा दिवसभर दुकानात शिरायचा, फोमच्या गठ्ठ्यांमधून फिरायचा आणि दाराखालच्या बोटभर फटीतून थेट म्हाताऱ्याच्या पलंगापर्यंत जायचा. उन्हाळ्यात या फटीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. थंडी पडली आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

वडील एकेकाळी बसगाड्यांवर तिकीट तपासनीस होते. आवाज असा, की पुढच्या दारातून चढून "तिकिटं दाखवा" म्हटलं की मागच्या बाकावर झोपलेला माणूस दचकून खिसे चाचपायचा. लोक त्यांना 'कर्णा' म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. गेल्या वर्षीच्या आजारात पाय गेले, पाठोपाठ आवाजही गेला, कुजबुज तेवढी उरली. आता हाक मारायला ते स्टीलचा पेला पलंगाच्या दांड्यावर वाजवायचे. दोनदा टकटक झाली की सीटकव्हरवाला मशीनवरून उठायचा. दिवसा घरात तेवढे दोघेच. बायको दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची.

पाणी दे, भांडं दे, उशी सरळ कर, पडदा ओढ. दिवसातून पंधरा वेळा. त्याला कंटाळा यायचा का? यायचा, उगाच खोटं कशाला बोला! एकदा चिकटवायचं सोल्युशन लावलेलं रेक्झिन हातात असताना पेला वाजला, तेव्हा तो "आलो, आलो, जीव घ्या माझा!" असं ओरडला होता. म्हाताऱ्याचा आवाज गेला होता, कान शाबूत होते.

त्या वाऱ्याने वडिलांना खोकला धरला आणि औषधाची तिसरी बाटली संपली तरी हटेना. एका संध्याकाळी बायको चपला काढता काढताच म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी आज मला चांगलंच झापलं. म्हणाले, अंगावर वारा येतोय तोवर औषध ओतून काय उपयोग? आधी ती खोली बंद करा."

जुना टॉवेल कोंबून झाला, पुठ्ठा ठोकून झाला. दार उघडलं की टॉवेल निघायचा आणि पुठ्ठा फरशीवर कर्रकन ओरडायचा. मग सीटकव्हरवाल्याने कपाळावर हात मारला. लोकांच्या गाड्यांच्या दारांना रबर बसवण्यात आपली वीस वर्षं गेली आणि घरी आपण टॉवेल कोंबतोय!

रविवारी त्याने चौकट पेट्रोलने पुसली. गाडीच्या दाराचं पोकळ रबर तिन्ही बाजूंनी बसवलं, कोपरे तिरके कापून असे जुळवले की नखही शिरू नये. दाराखाली जाड पट्टी लावली. खिडकीलाही तसंच. मग दार ओढलं. ते करकरलं नाही, आपटलं नाही. 'ठप्' असा मऊ आवाज झाला आणि सगळं शांत. बायकोने उंबऱ्याशी तळहात धरून पाहिला. वाऱ्याचं नाव नाही.

"गाडीच झाली की खोलीची!" ती म्हणाली.

"आता एक हॉर्न तेवढा बसव," पलंगावरून म्हातारा कुजबुजला.

तिघेही हसले. तिघांपैकी एकाने जरी ते मनावर घेतलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

सोमवारी दिवसभर खोकला नाही. सीटकव्हरवाल्याने मशीन थांबवून दोनतीनदा कान दिला. काहीच नाही. पेलाही एकदाच कुठेतरी वाजल्यासारखा वाटला, पण तो समोरच्या गॅरेजमधला पाना असावा. संध्याकाळी त्याने बायकोला दारातच सांगितलं, "खोकला थांबला! एकदाही नाही आज."

जेवण भरवताना तिला ठसका ऐकू आला. तो म्हणाला, घास अडकला असेल. त्या रात्री दोघांना सलग झोप लागली. मंगळवारी त्याने गॅरेजवाल्याला सांगितलं, बुधवारी दोन गिऱ्हाइकांना. औषधाने जे झालं नाही ते रबराने केलं, असं सांगताना त्याची छाती फुगायची.

सकाळी, दुपारी, रात्री खोलीत जाणं होतंच. "कसं वाटतंय, बाबा?" असं तो विचारायचा.

"ऊब आहे," वडील म्हणायचे. ते खरंच होतं.

बुधवारी दुपारी चादरीचं एक टोक खुर्चीवर वाळत घातलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाले, "पाणी सांडलं." त्याने विश्वास ठेवला. बायको मात्र रात्री भांडी आवरताना म्हणाली, "बाबा फार गप्प झालेत हो."

"आराम पडलाय म्हणून," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

गुरुवारी एक पांढरी गाडी आली. वेग घेतला की दारातून शिट्टी वाजते, अशी मालकाची तक्रार होती. सीटकव्हरवाल्याने चारही दारांची रबरं बदलली आणि नेहमीच्या थाटात म्हणाला, "बसा आत, साहेब. आता बाहेर बँड वाजला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही."

साहेब बसले. दार 'ठप्' झालं. आत साहेबांचे ओठ हलले. सीटकव्हरवाला हसून मान डोलावत राहिला. साहेबांनी हातवारे केले. मग त्यांनी बोटातली अंगठी काचेवर आपटली, एकदा, दोनदा. अंगठी आपटताना दिसत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

साहेबांना गाडीत तसंच सोडून तो आत धावला. दार आतून उघडत नाहीये, हेच ते साहेब बिचारे केव्हाचे सांगत होते.

वडील जमिनीवर होते, पलंगाला पाठ टेकून. पायजमा ओला, हातात चादरीचं टोक. स्वतःच पलंग आवरायला निघाले असावेत. खोकल्याने ते पार दुमडले होते, आणि हा खोकला आज सुरू झालेला नव्हता, हे कुणालाही कळलं असतं. पलंगाच्या दांड्याचा रंग एका जागी उडाला होता आणि आतलं लोखंड दिसत होतं. पेल्याची कड चेपली होती.

"बाबा! हाक नाही का मारायची?"

"मारली." त्यांनी श्वास घेतला. "सोमवारी मारली, मंगळवारी मारली. मग सोडलं."

"अहो, मला ऐकूच आलं नाही!"

"मला वाटलं, कंटाळलास. माणूस कंटाळतो रे. मी काही मनात धरलं नाही."

त्याने त्यांना पलंगावर घेतलं, कपडे बदलले, आणि मग वेड्यासारखा तो बाहेर गेला, दार लावलं, "बाबा, बाबा" असं घसा फाटेपर्यंत ओरडला आणि परत आत आला. "ऐकू आलं?"

"नाही."

"बघा! हे या रबरामुळे."

वडिलांनी मान हलवली. तिकीट खिडकीतून उडून गेलं असं सांगणाऱ्या प्रवाशापुढे ते जशी हलवत असतील, तशी. ना हो, ना नाही.

त्याच दिवशी त्याने दाराचं रबर ओरबाडून काढलं. खिडकीचं ठेवलं. वारा पुन्हा दाराखालून यायला लागला, म्हणून त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि दिवा लावून काम करू लागला. अर्धं शटर पाहून लोक वाकून विचारायचे, "काय हो, कोण गेलं?" गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. बायकोने पलंगाला सायकलची घंटी बांधून दिली.

घंटी वाजली नाही. पेलाही वाजेना. खोकला तेवढा ऐकू यायचा, तोही तोंडावर पांघरूण दाबल्यासारखा. सीटकव्हरवाला दर पंधरा मिनिटांनी आत डोकावायचा. "काही हवंय, बाबा?" "नको." पाण्याचा तांब्या रिकामा असला तरी "नको". आयुष्यभर लोकांपुढे हात करून तिकीट मागितलेला हा माणूस मुलापुढे पाणी मागत नव्हता. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तोच मशीनवरून हाका मारायला लागला. "बाबा!" पलीकडून बारीक "ओ" यायची. त्याचा जीव भांड्यात पडायचा आणि सुई पुढे चालायची. आठ दिवस असंच चाललं.

नवव्या दिवशी दुपारी "ओ" आली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. काही नाही. हातातलं कापड टाकून, स्टूल लाथाडून तो आत गेला.

वडील जागे होते. शाल गळ्यापर्यंत ओढलेली, डोळे दाराकडे.

"बाबा, ओ का नाही दिलीत?"

त्यांना आधी खोकला आला. तो त्यांनी पुरता खोकून घेतला.

"बघत होतो," ते म्हणाले, "येतोस का."